मऊ चावी

क्लबच्या भंगारात मिळालं, अठराशेला.
टेम्पोतून उतरवलं तेव्हा मथुरा दारातच उभी:
"काय आणूलासा हे? आमच्यात गवत कुठं हाय?"
खरं होतं. अनगोळातलं आमचं परसू म्हणजे
एक पेरू, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड.
पण मला गवत नको होतं.
उद्यमबागेत तीस वर्षं जे तुकड्या-तुकड्यानं कातलं
ते सगळं एका जागी, फिरताना बघायचं होतं.

महिनाभर रात्री उघडून बसलो.
कार्बोरेटरात जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला.
फिल्टरमध्ये कुंभारमाशीनं घर बांधलेलं,
ते तसंच अख्खं काढून खिडकीत ठेवलं.
पातं घासून खिळ्यावर टांगलं, तोल बघायला.
मथुरेनं बोट लावलं, म्हणाली, "तराजूगत हाय की."
त्यानंतर ती काही बोलली नाही.

दोराचं वेगळं सांगायला पाहिजे.
हिसका द्यायचा नाही. आधी हळू ओढायचा,
आत कुणीतरी दाब धरून बसलंय
हे बोटांना कळेपर्यंत.
मग खांद्यातनं.

कॅम्पातले दोन बंगले, मजगावची शाळा,
रविवारी सायकलरिक्षात घालून न्यायचो.
पेट्रोल बाटलीत देत नाहीत, म्हणून स्कूटरमधनं नळीनं काढायचं,
तोंडाला चव राहायची, चहा प्याला तरी.

शाळेत एकदा पातं नळाच्या पाइपावर बसलं.
इंजिन ठप्प. फ्लायव्हीलची चावी तुटली,
नखाएवढी, राखेच्या रंगाची.
मला हसू आलं, एवढ्या मशीनला एवढी भिकार चावी?
मी ईएन-एटचा तुकडा घेतला, शेपरवर बसवला,
शतांशात मापून केली. कानशीसुद्धा लागू देणार नाही अशी.

इराप्पा बडिगेरनं तळहातावर घेऊन बघितली.
"अदु मुरीबेकरी," म्हणाला. मग मराठीत,
लहान पोराला सांगावं तसं:
"ती मोडायलाच पाहिजे. ती मोडली की बाकीचं राहतं."
मी म्हटलं, माझ्या हातची मोडत नाही.

तीन वर्षं मोडली नाही.

मग नागोजीच्या नि माझ्या प्लॉटच्या मधी
गुडघाभर गवतात दगड लागला.
हद्दीचा. गेल्या दिवाळीत तो तिथं नव्हता.
आवाज असा झाला की पेरूवरचे पोपट उठले.
चावी शाबूत. क्रँक वाकला.
त्या संध्याकाळी थोरल्या भावाच्या दारात उभा राहून
मी जे बोललो त्यातलं एक अक्षर
आजपर्यंत मागं घेतलेलं नाही.
तोही माझ्यासारखाच, आमच्या बापाच्या हातचा.

डायल लावून बघितलं: अठरा शतांश. डोळ्याला दिसत नाही.
पण मशीन तेव्हापासून थरथरतं,
आणि कापून आल्यावर तासभर माझे हात.
मथुरा कप अर्धाच भरते. बशी दोनदा पुसते.

क्रँक बदलायला पैसे नाहीत असं नाही.

आता कार्तिक संपला की टाकी रिकामी करतो,
शिल्लक पेट्रोल इंजिनाला तिथंच पिऊ देतो, गुदमरून बंद होईपर्यंत.
प्लग काढून चमचाभर तेल, दोर दोनदा हळू.
आडवं करताना फिल्टर वरच्या अंगाला,
नाहीतर तेल उतरतं. पात्याखालचं वाळलेलं हिरवं
खरडून पेरूच्या बुंध्याशी.

त्या दगडाभोवती मी वीतभर गवत ठेवतो.
परवा बघितलं तर पलीकडच्या अंगानं
कुणीतरी विळ्यानं कापलेलं,
तेही वीतभर सोडून.

शर्टाच्या खिशात दोन चाव्या असतात, अॅल्युमिनियमच्या,
इराप्पानं दिलेल्या, पैसे न घेता.
धुवायच्या आधी मथुरा खिसे तपासते:
"ह्या कशाला हव्यात रोज?"
असू देत, म्हणतो. मोडायला.