उमेदवारी

करारावर लिहिलं होतं: कालावधी बारा महिने,
विद्यावेतन नऊ हजार.
आईनं विचारलं, काम काय?
सर्व्हरचं, म्हणालो.
ती म्हणाली, म्हणजे हॉटेलात का रे?

प्रजापती नगरहून मेट्रो, सुभाष नगरला उतरून
आयटी पार्कपर्यंत पायी,
मे महिना, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
वैजयंती थूल खिडकीपाशी बसायच्या,
पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"मॅडम नको म्हणू. रात्री दोनला मॅडमला फोन करायला
पोरं भितात. वैजूताई म्हण, नाहीतर काहीच नको म्हणू."

तीन महिने त्यांनी मला कशालाही हात लावू दिला नाही.
लॉग वाच, म्हणाल्या. नुसता वाच.
वेळ, आकडा, वेळ, आकडा,
पारडी नाक्यावर ट्रक मोजत बसल्यासारखा मी.
मामा घरी विचारायचा, कंटेनरचं काम ना?
मग अजनीच्या डेपोत काहून नाही लागला?
मी हसायचो. मलाही नीट सांगता येत नव्हतं.

ऑगस्टात एक ओळ चार सेकंद उशिरा आली
आणि डोळ्यात खुपली, न शोधता.
ताईला दाखवली.
"आता दिसून राहिलं तुला," इतकंच,
आणि खालून पोहे मागवले, तर्री जास्त.

डिसेंबर. कळमन्यात संत्र्यांची गर्दी,
एका अडत्याचं बिलिंग आमच्याकडे.
माझ्यासमोर दोन खिडक्या,
एक सरावाची, एक खरी,
दोन्ही काळ्या.
मी खऱ्या खिडकीत सराव केला.

एक एन्टर.
तिकडे पावत्या निघेनात,
भरल्या गाड्या जागच्या जागी,
चव्वेचाळीस मिनिटं.
फोनवर माझे शब्द एकमेकांवर चढत होते.
"हात काढ कीबोर्डवरून. पाणी पी.
आता सांग,
काय केलं ते नंतर. समोर काय दिसून राहिलं?"

अहवालात रकाने होते:
काय झालं, केव्हा कळलं, कसं सावरलं,
पुन्हा होऊ नये म्हणून काय.
कोणी केलं, तो रकाना मी शोधत राहिलो.
नव्हता.
तरी खाली मी लिहिलंच, हर्षल निमजे.
ताईनं खोडलं.
"तुझ्या नावानं खिडकीचा रंग बदलतो का?
रंग बदल."
खरी खिडकी त्या दिवसापासून लाल आहे.
जिन्यात मात्र हळूच म्हणाल्या,
"माझ्या वेळी नाव लिहीत.
ते पान मला अजून पाठ आहे."

आता पुन्हा मे. ताई सुटीवर, रामटेकला,
फोन माझ्याकडे.
रात्री पावणेतीनला वाजला:
डिस्क एक्क्याण्णव टक्के.
पलंगाखालच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून
मी जुन्या फायली हुडकल्या, दोनदा वाचल्या,
खिडकी लाल आहे ना, पाहिलं,
पाणी प्यायलो,
मग पुसल्या.
चौसष्ट.
कुठेही काही झालं नाही.
कोणाचीही पावती अडली नाही.
हे सांगायचं कोणाला, आणि काय म्हणून?

आई उठली होती.
"काही बिघडलं का रे?"
नाही, काही नाही.
"मग जागून काहून राहिला?"
उत्तराची वाट न पाहता ती मोरीत गेली,
बादली घेऊन आली,
अंधारातच कूलरचं झाकण सरकवलं.
पंप कोरडा घरघरत होता, तो गप्प झाला.
वाळा ओला झाल्याचा वास सुटला.
बाबा कुशीवर वळले, बहिणीनं चादर ओढली,
दोघांपैकी कोणाला काही कळलं नाही.

किती वर्षं, मी विचारलं, रोज?
"उन्हाळ्यात रोजच तर," ती म्हणाली,
"नाहीतर तीनला सगळे उठून बसता ना."

मोरीत दुसरी बादली भरत आली होती.
लॅपटॉप मिटला
आणि ती मी उचलली.