चार वाजताचं सत्र

आमच्या शहराचं नाव नाताळ.
समुद्रकाठचं गाव, बर्फाचा पत्ता नाही.
तीन पत्रांतून कळवलं होतं,
तरी एक पाहुणे लोकरी कोट घालून उतरलेच.

मी इवानिल्डे. संस्थेच्या कार्यालयात बावीस वर्षं.
साहेबांसाठी परिषद म्हणजे मार्मोसेटचा मेंदू,
कंपवात, म्हातारपण, विसरभोळेपण,
माणसाच्या एवढ्या मोठ्या दुखण्यांना
साडेतीनशे ग्रॅमच्या जिवात करून दिलेली जागा.
माझ्यासाठी परिषद म्हणजे
चौसष्ट खुर्च्या, त्यातल्या नऊ डुगडुगणाऱ्या,
ग्लुटेन न चालणारे तिघे,
ऐन वेळी रुसणारा प्रोजेक्टर,
आणि गळ्यात घालायची नावाची कार्डं.

कार्डावर दोनच रकाने: नाव, पद.
सेउ जेनिवाल्दोंच्या पदाशी मी अडले.
पिंजरे धुणारे, की केळी कापणारे?
की आईनं टाकलेलं तिसरं पिल्लू
सदऱ्याच्या खिशात घेऊन रात्रभर बसणारे?
शेवटी नुसतं नाव छापलं.
त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, खिशात ठेवलं.
"चारला त्यांचं खाणं असतं," म्हणाले,
"मला कुठे जमणार?"

पण आले. दाराशी उभे राहिले,
हाताला पिकल्या पपईचा वास.

चारच्या सत्रात डॉक्टर वेंडेल सांगत होते,
हे प्राणी एकमेकांना कसं बोलू देतात.
एक हाक देतो. दुसरा थांबतो.
हाक पुरती विरली की मग उत्तर.
पहिल्या रांगेतले दोन प्राध्यापक
यावर एकाच वेळी बोलू लागले,
आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही.

मग वेंडेलनी ध्वनिफीत लावली.
पडद्यावर निळी रेघ, कोपऱ्यात: एम-१७.
लांब, बारीक शीळ,
काचेवरून ओलं बोट फिरवावं तशी.

बाहेर काजूचं झाड आहे.
त्याच्या खोडाला भोकं पाडून डिंक चाटणारे सागुई
रोज माझा डबा पळवायला टपलेले असतात.
मी त्यांना शिव्या देते, ते कान फेंदारतात.

फीत थांबली, आणि झाडावरून
उत्तर आलं.

सभागृह हसलं. कुणी टाळ्याही वाजवल्या.
लोकरी कोटवाल्यांनी मोबाइल काढला.
"बघा," वेंडेल म्हणाले, "योजून आणल्यासारखं!"
आणि पुढचं चित्र लावलं: आलेख, तक्ते,
नमुना चौदा, अभ्यास मार्चमध्ये पूर्ण.

अभ्यास पूर्ण म्हणजे काय
हे माझ्या फायलीतही आहे, बर्फाच्या बिलात.

"पिटोंबा," दाराशी सेउ जेनिवाल्दो पुटपुटले.
"आपला पिटोंबाच तो. रुसला की असाच ओरडायचा."
त्यांनी खिशातलं कार्ड चाचपलं,
घड्याळ पाहिलं, आणि गेले.
चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

मला चहाकडे बघायचं होतं.
थर्मास दोन कमी, कप मोजलेले नव्हते.
पण खिडकीतून मला तो दिसत होता,
पांढऱ्या कानांचा, फांदीच्या टोकाशी,
मान आमच्याकडे वळवून.

त्यानं पुन्हा हाक दिली नाही.
रीत माहीत असलेला जीव तो.
त्याचं बोलून झालं होतं,
आता बोलायचं होतं आतल्यानं.

रात्री खुर्च्या मोजल्या. चौसष्ट भरल्या.
उरलेली केकची पेटी रखवालदाराला दिली.
साहेबांनी पाठ थोपटली: "इवानिल्डे, सगळं सुरळीत."
हो म्हणाले.
खिडकी लावताना कडी जरा आवाज करते,
म्हणून ती तशीच ठेवली.