फक्त संशोधनासाठी

सहारच्या कार्गोत तीन दिवस खोकं अडकलं
कागदावरच्या 'मानवी' या एका शब्दासाठी.
कस्टमवाल्याने सावियोला विचारलं:
मानवी म्हणजे कुणाचं? नाव? नातेवाईक?
सावियो म्हणाला, साहेब, नुसता थेंब आहे.
मग थेंब कुणाचा, ते लिहून द्या.

मी काय लिहून देणार?
की हे विकर माणसाचं,
पण कुठल्याच माणसातून काढलेलं नाही.
कृती तेवढी आपली.
शिजलं ते लष्करी अळीच्या पेशींत.
तीच अळी, जी मामाच्या मक्याच्या पोंग्यात शिरते
आणि पानांची चाळण करून ठेवते.
तिच्या बीजांडातल्या पेशी
परक्या देशात, काचेच्या बाटलीत, सत्तावीस अंशांवर
मुकाट्याने माणसाचं काहीतरी विणत बसतात.
मामाला सांगितलं असतं तर म्हणाला असता,
आधी माझा मका भरून द्यायला सांग तिला.

मी लिहिलं: संसर्गजन्य नाही. दहा मायक्रोग्रॅम.
शिक्का बसला.

खोकं परळला पोचलं तेव्हा
तळाशी खडूच्या तुकड्यांएवढा कोरडा बर्फ.
पेरीन मॅडम काही बोलल्या नाहीत, चष्मा पुसत राहिल्या.
भिकाजी तांडेल आमचा अटेंडंट, शिवडीचा,
घरात तीन पिढ्या बर्फ आणि मासळी.
त्याने थर्माकोलवर तळवा ठेवला,
झाकण किलकिलं करून
वाफ किती रेंगाळते ते पाहिलं.
म्हणाला, सुरमई असती तर विकली असती.
बोंबील असता तर नाही.

आत साबुदाण्याएवढा थेंब.
लेबलवर पहिल्या ओळीत: मानवी.
शेवटच्या ओळीत: माणसांवर वापरू नये.

त्याला एकच काम येतं.
एटीपीच्या टोकाचं फॉस्फेट खुडायचं
आणि टायरोसिनच्या हातावर ठेवायचं.
पेशीला त्यातून ऐकू येतं एवढंच: चल.
जखम भरायची आहे, चल.
गर्भातल्या मुठीला बोटं फुटायची आहेत, चल.
मग कुणाच्या तरी छातीत एक अक्षर बदलतं
आणि त्याला थांबणं आठवत नाही.
चल चल चल चल.
कुठे, हे विचारणारं कुणी उरत नाही.

साडेनऊला चहाला खाली उतरले.
फूटपाथवर चटईची गुंडाळी करून बसलेला एक जण,
मेहकरकडचा, बायकोचा नंबर उद्या.
कोट पाहून म्हणाला,
ताई, मघाशी ते पांढरं खोकं आलं, त्यात औषध होतं का?
नाही म्हटलं.
औषधाला ज्याच्याशी झुंजायचंय, तो होता.
तो कपाकडे बघत राहिला.
म्हणजे त्यालाच आणलात? पकडून?
हो, तसंच काहीसं.
मग जपा त्याला, म्हणाला. मरू देऊ नका.
आणि माझ्या चहाचेही पैसे देऊन मोकळा झाला.

रात्री अकराला प्लेट लावली. शहाण्णव खड्डे.
या चाचणीचं उलटं असतं:
उजेड जितका कमी, तितका तो जिवंत.
जे जळायचं ते त्यानेच खर्चलेलं असतं.
यंत्राचा दरवाजा लागला आणि मी
आयुष्यात पहिल्यांदा
अंधार पडावा म्हणून वाट पाहत बसले.

एक वाजून दहा. चौसष्ट टक्के.

थेंबाचे दहा भाग केले, दहा नळ्यांत.
प्रत्येकीवर तारीख, आणि माझं नाव
जिथे मालकाचं लिहायचं तिथे.
उणे ऐंशीचं दार उघडलं तेव्हा
पापण्यांवर दहिवर आलं.
पुन्हा गोठवायचं, पुन्हा वितळवायचं, असं करायचं नसतं.
एक नळी, एक सवाल.
परवापासून एकेक औषध त्याच्यासमोर उभं करीन,
बघू, कुणाला बघून गप्प होतो.

सकाळी जिन्यात भिकाजी भेटला.
काय निघालं?
सुरमई, म्हटलं. जरा मऊ पडलेली.