पेन्सिल

उंची पाच फूट सात.
वजन एकशे अडतीस पौंड, बूट काढून.
रक्तदाब ठीक. नाडी जराशी पळतेय,
पार्किंगपासून धावत आलो म्हणाला, खरंही असेल.

टोलेडोतल्या आमच्या दवाखान्यात
नोव्हेंबरात कुस्तीची पोरं येतात,
शाळेच्या फॉर्मवर सही हवी असते.
ओवेन झिलिन्स्की, वय पंधरा.
आई जीपच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट आलेली,
जॅकेटला अजून ग्रीसचा वास.
मी म्हणते, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा.
बसते ती. पण दाराकडे तोंड करून.

मग त्याच्या हातात पाटी देते,
क्लिपबोर्डला मी मनात पाटीच म्हणते,
आणि एक पेन्सिल, मागे गुलाबी रबर असलेली.

गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा.
झोप. भूक. कशातच जीव न रमणं.
इंग्रजीत ही ओळ फारच कोरडी आहे.
कुणी मला विचारलं नाही, नाहीतर सांगितलं असतं,
आमच्याकडे मन लागत नाही, उडतं, विटतं,
स्वतःलाच खातं.
चार रकाने, अजिबात नाही पासून जवळजवळ रोजपर्यंत.
नऊ प्रश्न. बेरीज मी करायची.

तपासणीच्या टेबलावरचा कागद त्याच्या मांडीखाली चुरचुरतो.
मी पाठ फिरवून उगाच कापसाचे बोळे मोजते.

बेरीज दोन.
दोन म्हणजे काहीच नाही,
दोन म्हणजे उद्या बीजगणिताची परीक्षा.
कॉम्प्युटरात दोन भरले की हिरवा ठिपका येतो.

पण नवव्या प्रश्नापाशी कागद
जरा जास्तच पांढरा होता.
उजेडात तिरका धरला तेव्हा दिसलं,
तिसऱ्या रकान्यात एक फुली होती,
घासून घासून काढलेली, कागदाची लव उभी राहिलेली.
क्लिपच्या खाचेत गुलाबी चुरा.

संगमनेरला आमच्या शाळेत वर्षातून एकदा डॉक्टर यायचे.
नखं बघायचे, जीभ, डोक्यातल्या उवा.
चपला काढून काट्यावर चढवायचे.
नववीत माझं वजन सात किलो कमी भरलं,
कार्डावर लिहिलं, जंताचं औषध.
मी घेतलंही. कडू होतं.
पुढचं इथे लिहीत नाही.

डॉक्टर हॅलोरनना कागद दाखवला.
स्कोअर दोन, म्हटलं, आणि बोट ठेवलं त्या जागी.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला,
गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात कोंबला
आणि आत जाऊन दार लावून घेतलं.
पुढच्या दोघांना मी थांबवून ठेवलं. एकाची आजी चिडली.

पस्तीस मिनिटं.
आईला आत बोलावलं
तेव्हा उठताना ती खुर्चीला धडकली.
मी फोन फिरवत होते.
समुपदेशकाची पहिली मोकळी तारीख सव्वीस जानेवारी.
नाही, म्हटलं. दुसरा नंबर. नाही. तिसरा.
तिथली बाई म्हणाली, तातडीचं आहे का, स्कोअर किती?
दोन, म्हटलं मी,
आणि तिला रबराचं सांगत बसले.
गुरुवार मिळाला.

जाताना ओवेनने माझ्याकडे पाहिलं नाही.
कुस्तीच्या फॉर्मवर सही झाली की नाही,
तेही मला माहीत नाही.

सोमवारच्या बैठकीत मॅनेजर म्हणाली,
यापुढे पोरांना पेन द्या, खाडाखोड नको,
नाहीतर टॅबलेटच आणू, बेरीज आपोआप.
मी हात वर केला. नेमकं अशा वेळी माझं इंग्रजी अडखळतं.
म्हटलं, पेन दिलं तर ती सरळ शून्यावरच जातील.
खोडता येतं म्हणून तर
आधी खरं लिहून बघतात.

अजून काही ठरलेलं नाही.
रोज सकाळी मी बारा पेन्सिलींना टोक करते.
रबर झिजलेल्या असतील
त्या वेगळ्या काढून ठेवते.