पुढच्या चाकाची रेघ

पंधरा आणि सोळा, ही दोन गेटं मिळून
आता एकच होणार.
ग्लेनिसबाईंनी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला,
चारी कोपऱ्यांवर रंगाचे डबे ठेवले,
कारण मानुकाऊच्या खाडीवरचा वारा
कागद विचारून उचलत नाही.
ऐंशी मीटर, त्या म्हणाल्या.
पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
आणि दोन्ही अंगांना साडेसात मीटर मोकळं,
तिथे कुणी काही ठेवायचं नाही.
शिडी नाही, सामानाची गाडी नाही,
सेमिसी, तुझा जेवणाचा डबासुद्धा नाही.

रात्री दीड ते साडेचार, एवढाच वेळ मिळतो.
आधी जुन्या रेघा खरवडायच्या.
यंत्र दातओठ खातं, पिवळी भुकटी उडते,
घरी गेल्यावर थुंकीही पिवळी.
रेघ जाते, आणि जातही नाही.
काँक्रीट ओलं झालं की सोळाचा आकडा
हळूच वर येतो,
फोटो काढून नेल्यावर
भिंतीवर चौकोन उरतो तसा.

आत दुमजली पूल जोडतायत.
वरच्या मजल्यासाठी आणखी एक हात,
कोपरात वाकणारा.
पाचशे माणसं एकदम उठली
तर किती जणांना आधी संडासला जायचं असेल
याचंही कोष्टक आहे. मी पाहिलंय.
मोठं कुणी यायचं म्हणजे असं,
सगळ्यांनाच थोडं थोडं सरकावं लागतं.

लावीनिया आत्या या सोळाच्या गेटवर
बावीस वर्षं फरशी पुसायची.
आत्या मोठी होती. अंगानं मोठी, आवाजानं मोठी,
चर्चमध्ये तिच्यासाठी बिनहाताची खुर्ची वेगळी.
डोळ्यांसमोरून रोज इतकी विमानं गेली,
पण वावाऊला, स्वतःच्या गावाला,
ती एकदाही उडून गेली नाही.
सीट मला बघून घाबरेल, म्हणायची
आणि हसायची,
हसताना शेजारच्याकडे बघायची नाही.

ती गेली तेव्हा शवपेटी
मांगेरेच्या घराच्या दारातून निघेना.
आडवी नाही, तिरपी नाही.
पाद्रीबाबा घड्याळाकडे बघून खोकले.
मग फोलाउनं, माझ्या थोरल्या भावानं, करवत आणली,
खिडकी चौकटीसकट काढली,
खालची भिंतही. फळ्यांचीच होती.
बायकांनी त्या उघड्या जागेतून अंगणापर्यंत
सालीचं नक्षीदार कापड अंथरलं
आणि आम्ही बारा जणांनी तिला उजेडात आणलं.
किती जड, असं कुणी म्हणालं नाही.
घरमालक टोपी काढून उभा होता.
भिंतीचे पैसे त्यानं नंतर कापले, ते वेगळं.

पुढच्या चाकाची रेघ सगळ्यात शेवटी.
जेमतेम मीटरभर लांब,
एवढा डोंगर तिच्यावर येऊन थांबायचा.
ग्लेनिसबाई खाली बसून टेप धरतात,
त्यांचे गुडघे वाजतात.
दोन मिलिमीटर डावीकडे.
पुसतो. पुन्हा मारतो.
ऐकलंस का, त्या म्हणतात,
असली विमानं बनवणं कधीच बंद झालंय.
आहेत तेवढीच आहेत.
मग हे कशाला?
येईल त्याला जागा नको?

रंग वाळायला वीस मिनिटं.
त्या डबे आवरायला गेल्या.
मी त्या साडेसात मीटरच्या पट्ट्यात
जाऊन नुसता उभा राहिलो,
हात जरा लांब करून,
कशालाही न लागता,
सिडनीच्या विमानाचे दिवे दिसेपर्यंत.