बंद पुलाची खूण

भूगोलाच्या बाई निवृत्त झाल्या
आणि पाचवीचा तास माझ्या गळ्यात पडला.
मी मूळची गणिताची.
पोरांना आधीच सांगून टाकलं,
हा विषय मीही तुमच्याबरोबरच शिकणार आहे,
सांभाळून घ्या.

भिंतीवरचा नकाशा माझ्या शाळेच्या दिवसांतला.
त्यात आमचा देश नाही, पलीकडचाही नाही,
एक अवाढव्य गुलाबी तुकडा
आणि आमच्या खोऱ्याच्या जागी
पाल चिरडल्याचा डाग.

पहिल्या दिवशी अक्षवृत्तं.
तालाय, चाळिसाव्या रेषेवर बोट ठेव,
उचलायचं नाही, पश्चिमेला चालत राहा.
कास्पियन पोहून झाला,
अंकारा गेलं, माद्रिद गेलं,
मग निळं, निळं, मधे अमेरिका, पुन्हा निळं,
मग बीजिंगच्या अंगावरून, वाळवंटातून, डोंगर चढून
बोट घरी आलं, टोकाला धूळ लागलेली.
"एजे, मग आत्ता त्या सगळ्यांकडे दुपार?"
नाही रे.
ऊन तेवढंच तिरकं, घड्याळ निराळं.

गाव इथंच का वसलं?
एक म्हणाला, पणजोबांचं गाढव इथं बसलं म्हणून.
हेही खरं असेल.
पण गाढव बसलं ते
नदी डोंगर उतरून जिथं दमते
आणि पाठीवरचं ओझं पंख्यासारखं पसरून टाकते, तिथं.
त्या ओझ्यावर आपले जर्दाळू उभे आहेत.
पुस्तकात त्याला गाळ म्हणतात.

गुरुवारी मी घरून बटाटा नेला.
अर्धा कापून पालथा ठेवला, त्याच्या आडव्या चकत्या केल्या,
एकेक चकती कागदावर ठेवून
कडेनं पेन्सिल फिरवली.
कड्यात कडं, कड्यात कडं.
"डोंगर!" मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं.
हो, डोंगर.
एका रेषेवरची सगळी माणसं एकाच उंचीवर,
एकमेकांना कधी भेटली नसली तरी.
रेषा जिथं दाटीवाटीनं उभ्या, तिथं आपल्याला धाप लागते.

बेगिमाय फारशी बोलत नाही.
ती म्हणाली,
"कालव्याजवळ तार आहे ना,
ती किती उंचीची रेषा?"

मी खडू खाली ठेवला.
म्हटलं, ती बटाट्यातून येत नाही.

वर्ग हसला. मी नाही हसले.

घरचा अभ्यास : आपल्या गावाचा नकाशा.
खुणा फळ्यावर लिहून दिल्या,
विहीर, शाळा, मशीद, दवाखाना, पूल.
तालायनं विचारलं, शिपाई काढू का,
आणि काढला तर घरापेक्षा मोठा की लहान?
मी प्रमाण समजावलं,
एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर,
या हिशेबानं शिपाई टिंबापेक्षाही लहान येतो.
"पण दिसतो मोठा," तो म्हणाला.
त्याचं उत्तर मला गणितातही सापडलं नाही.

सोमवारी नकाशे आले.
कोणी पाण्याच्या पाळ्या लिहिल्या होत्या :
मंगळवारी आमचा कालवा, बुधवारी कोरडा.
कोणी फक्त कुत्री काढली, चावणारी लाल शाईनं.

बेगिमायच्या कागदावर नदी होती,
नदीवर पूल,
पुलापलीकडे एक दार, त्यावर नाव : फारांगिस.
मागच्या वसंतापर्यंत ती
पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूला बसायची,
बेरीज बोटांवर करायची,
खिशातले भाजलेले चणे वाटायची.

बेगिमाय कागद घेऊन टेबलाशी आली.
"एजे, पुलाची खूण तुम्ही दिलीत.
बंद पुलाची?"

मी पुस्तक उघडलं. शेवटची चार पानं नुसत्या खुणांची.
दलदल आहे, उजाड गाव आहे,
मीठ काढायची जागासुद्धा आहे.

"नाही ना," ती म्हणाली,
आणि माझ्याच टेबलावर वाकून
पूल शाईनं गिरवला.
तार पेन्सिलीतच राहू दिली.

दहापैकी आठ दिले.
उत्तर दिशेचा बाण काढायला विसरली होती.