दोन वाव

कोलशेतच्या धक्क्यावर भरतीची वाट बघत बसलोय:
मी, खोली मोजणाऱ्या कंपनीची पगारी पोरगी,
आणि होडी ज्याची तो हसुराम तांडेल.
वय विचारलं तर म्हणतो,
"कशेलीला टोल नवता तवाचा."

यंत्राची बॅटरी टपरीत चार्ज होतेय,
म्हणून पिशवीतलं पुस्तक काढते.
रद्दीत तीस रुपयांना मिळालेलं, मुखपृष्ठ गेलेलं,
अमेरिकेतल्या नद्यांवरच्या आगबोटींचं.
चित्रं दाखवते. मागे घराएवढं लाकडी चाक,
पाण्याला चापट्या मारत जाणारं.
तळ इतका सपाट की नुसत्या दवावरूनही चालेल,
अशी कप्तानांची फुशारकी.

तो चित्रावर बोट ठेवतो. बोटाला नख नाही.
(रेतीच्या बादलीखाली गेलं, चाळीस फूट खाली,
डुबी मारायचा तेव्हा.)

"हिचा पानी कुठं जाते?"
समुद्राला.
"न् माघारी कवा येते?"
येत नाही. नदी आहे ना, एकाच बाजूला.

तो हसेल असं वाटलं होतं.
"मंग मानसं घरी कशी येत?"

आधी येतच नसत धड, मी सांगते.
खाली पोचलं की होडी मोडायची, फळ्या विकायच्या,
आणि महिना महिना रान तुडवत चालायचं.
म्हणून तर वाफ. म्हणून तर काठाकाठानं
लाकडाच्या वखारी, उभी जंगलं भट्टीत,
म्हणून शर्यतीत झडपेवर वजन ठेवून
बॉयलर फुटेपर्यंत पळवलेल्या बोटी.
प्रवाहाच्या उलट जाता यावं एवढ्यासाठी.

"आमचे खारीला कशाला वाफ?
ओहोट नेते, भरती आनते.
बाप कौलं उतरवून झोपून येई.
होरीला घर म्हाईत."

पुढच्या पानावर कापसाच्या गाठी, डेकवर छतापर्यंत.
गाठींच्या फटीत माणसं, मुंग्यांएवढी.
खालची ओळ मी वाचून दाखवते:
खालच्या मळ्यांवर विकायला नेलेली.

"हे आले वर? वाफंवर?"

मी पान उलटते. दुसरीच बोट आहे,
झुंबरं, पियानो, पांढरे हातमोजे.
मागचं पान पुन्हा उघडते. तिथेही काही लिहिलेलं नाही.
तो धोतराच्या सोग्याने चष्मा पुसतो, बराच वेळ.

मग भरती लागते.

यंत्र चालू असतानाही तो त्याची दोरी टाकतो:
टोकाला शिसं, शिशाच्या खळग्यात साबण,
तळाची माती चिकटून वर यावी म्हणून.
हात पसरून दोरी मोजतो.
एक वाव, दोन वाव.
मी सांगते, त्या बोटींच्या नाळेवरही एक जण
असाच शिसं टाकून ओरडायचा.
दोन वाव आलं की सुकाणूवाल्याचा जीव भांड्यात.

"दोनच?"
दोनच. मधे गाळाची बेटं, रोज जागा बदलणारी.

"पाच वाव!" तो ओरडतो. यंत्र म्हणतं, नऊ पॉइंट एक.
"हितं दोनच व्हतं. बाकीचं आम्ही काढलं."
आणि हनुवटीनेच घोडबंदरकडे दाखवतो,
जिथे खाडीचा तळ
चाळीस चाळीस मजले उभा आहे,
बाल्कनीत कपडे वाळत घालून.
"तिसऱ्या टावरात माझ्या बादल्या असतीन.
धर्माच्यापन. तो वर आलाच नाय."

अहवालात शेऱ्याचा रकाना आहे.
साहेबांनी मसुदा आधीच दिलाय:
जलवाहतुकीस येथे भरपूर वाव.
मी मोबाईलवर तेवढं टाइप करते,
आणि थांबते 'वाव'पाशी.
समोर तो हात पसरून उभा,
दोरीचं पाणी कोपरावरून होडीत गळतंय.

काल्हेरपाशी ओहोट लागली.
त्याने इंजिन बंद केलं.
कुणीच काही बोललं नाही,
पाणी आम्हाला घरी घेऊन निघालं.